उलटी लटकलेली अळी

मंडळी, आज मी ज्या विषाणूबद्दल बोलणार आहे, तो तुमच्यापैकी काहींनी पाठीवर पंप अडकवून स्वतःच्या हातानं फवारलेला आहे. एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला रोगानं मारणारा विषाणू. हरभऱ्यावर, तुरीवर, घाटे अळीसाठी. हेक्टरी २५० एल.ई. (म्हणजे अडीचशे रोगट अळ्यांमधून निघेल एवढा विषाणू), उन्हं उतरल्यावर, पाण्यात थोडी नीळ टाकून. नीळ अशासाठी, की उन्हातले अतिनील किरण विषाणूला मारतात. सोलापूरच्या उन्हात तर विचारूच नका.

फवारल्यावर पहिले तीन-चार दिवस काहीच घडत नाही. अळ्या निवांत घाटे पोखरत असतात. माझे मामा वैतागून म्हणायचे, ‘औषध मारलंय की टॉनिक पाजलंय?’ मग एके दिवशी अळ्या शेंड्याकडं चढतात, मागच्या पायांनी फांदी धरून उलट्या लटकतात आणि बोट लावलं की कातडी फाटून रस गळतो. त्या रसात विषाणूचे कोट्यवधी स्फटिक असतात.

मामांच्या त्या चार दिवसांत अळीच्या आत काय चाललेलं असतं, ते सांगतो.

अळीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. तिच्याकडं एक जुना, जालीम उपाय असतो: विषाणू शिरलेल्या पेशीनं स्वतःच मरायचं. विषाणूची पिलावळ तयार व्हायच्या आत पेशीचे तुकडे पडले, की विषाणू उपाशी. या मरणाला केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्द आहे पानं गळण्याचा. आपल्याकडं ‘पानगळ’ हा इतका सुंदर शब्द असताना पाठ्यपुस्तकांनी ‘नियोजित पेशीमृत्यू’ असा सरकारी परिपत्रकासारखा शब्द का काढला, देव जाणे.

आता विषाणूची बाजू. १९९१ साली अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात लोइस मिलर यांच्या प्रयोगशाळेत, रॉली क्लेम यांना आपल्या एचएएनपीव्हीच्या भाऊबंदाचा एक बिघडलेला वाण मिळाला. एरवी हा विषाणू पेशीत शिरला की पेशी फुगते, स्फटिकांनी भरते. या वाणानं मात्र पेशी पहिल्या दिवसातच फुटून जायच्या, बुडबुड्यांसारख्या. त्याला नाव पडलं ‘ॲनायहिलेटर’, म्हणजे सत्यानाशी! पण नाश व्हायचा त्याचाच, कारण स्फटिक बनायला वेळच उरत नव्हता. शोध घेतला तर एकच जनुक निकामी झालेलं होतं: पी३५.

आणि त्या पेशी कुठल्या होत्या? स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डाच्या. म्हणजे २०१८ साली भारतात येऊन आपल्या मक्यात घुसली, ती अमेरिकन लष्करी अळी! आपण तिला ओळखायच्या कितीतरी आधीपासून तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढत होत्या.

या जनुकापासून बनणारं पी३५ प्रथिन करतं काय? पेशी मरायचं ठरवते तेव्हा कॅस्पेज नावाची प्रथिनं कात्रीसारखी चालू लागतात आणि आतली यंत्रणा कापत सुटतात. पी३५ हे त्यांच्यासाठी लावलेलं आमिष आहे. कॅस्पेज त्याला कापतं, पण कापलेलं टोक पात्याला चिकटूनच राहतं. एरवी तिथं पाण्याचा रेणू येऊन ते सोडवतो. पी३५ स्वतःचंच दुसरं टोक आडवं घालून पाण्याची वाट अडवतं. ओल्या बाभळीच्या गाठीत कुऱ्हाड रुतून बसावी, तसं. कुऱ्हाड मोडत नाही, पण दुसरा घाव घालता येत नाही. एका कॅस्पेजमागं एक पी३५ खर्ची पडतं, म्हणून विषाणू ते भरपूर बनवतो.

गंमत अशी, की तोच पी३५ नसलेला वाण ट्रायकोप्लुसिया नावाच्या दुसऱ्या अळीत व्यवस्थित वाढतो. तिच्या पेशी त्याला पाहून आत्महत्या करत नाहीत. कुठला विषाणू कुठल्या अळीला लागू पडेल, हे काही अंशी असं ठरतं.

१९९३ मध्ये याच मंडळींना सफरचंदाच्या अळीच्या विषाणूत दुसरं हत्यार सापडलं: आयएपी, म्हणजे पेशीचं असं मरण रोखणारी जनुकं. घाटे अळीच्या विषाणूतही ही जनुकं आहेत. पुढं त्याच घराण्यातली जनुकं माणसातही निघाली, आणि आज कर्करोगाच्या संशोधनात त्यांच्यावर काम चालतं, कारण गाठीतल्या पेशीही मरायचं टाळतातच.

म्हणजे बघा, विषाणू अळीला वाचवत नाही. तो फक्त तिच्या पेशींना वेळेआधी मरू देत नाही. पीक भरलं, की मग तोच कायटिनेज आणि कॅथेप्सिन ही विकरं सोडून अळीची कातडी आणि आतडी विरघळवतो.

मागून कुणीतरी विचारतंय, फवारताना आपल्या अंगावर उडालं तर? हे विषाणू कीटकांपुरतेच आहेत, माणसाच्या पेशीत ते वाढत नाहीत. तरी हात धुवा. मेलेल्या अळ्या ठेचून पाण्यात कालवून तुम्ही ते घरीच बनवत असाल, तर त्या रसाचा वास जेवण जाऊ देत नाही.