छप्पन्न अंशांचा आकडा

नमस्कार मंडळी.

२०२४ सालचा मे महिना. रोहिण्या लागल्या होत्या, वावरं वखरून पडली होती आणि दुपारी गावात चिटपाखरूही बाहेर दिसत नव्हतं. अशात सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी येऊन आदळली, नागपुरात ५६ अंश! मी ती लगेच गावच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘हवामान बदलतं आहे, आता तरी डोळे उघडा.’

माझ्या वावराच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे, त्या काकांचं उत्तर आलं, ‘हे खोटं आहे. छप्पन्न होऊच शकत नाही.’ त्यावर मी काय लिहिलं हे सांगताना आजही लाज वाटते. मी लिहिलं, ‘अडाण्यांना विज्ञान कळत नाही.’ पंचाहत्तरी गाठलेला माणूस. लहानपणी त्यांच्याच बंडीत बसून मी बाजाराला जायचो. ते समोर बाजेवर बसले असते, तर हा शब्द माझ्या जिभेवर आला नसता. मोबाइलवर त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि मला वाद जिंकायचा होता.

मग हवामान खात्याने खुलासा केला. ज्या स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते, त्याच्या सेन्सरमध्ये बिघाड होता. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर पारा ४४ होता. म्हणजे काका बरोबर होते. ग्रुपवर त्यांनी त्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, “काहून आला ते समजलं मले. बस. एक गोष्ट सांग. हे मशीन चुकलं न? मंग बाकीचे मशीन बरोबर कशावरून? अन् दुष्काळ का आजचा हाय? माह्या आज्यानं छप्पन्नचा दुष्काळ पाह्यला होता.”

मंडळी, हा सवाल अडाण्याचा नाही. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ वऱ्हाडाने खरंच भोगला आहे. आणि यंत्रावर शंका घेणं तर विज्ञानाचंच काम. नागपूरचं ते यंत्र चुकल्याचं कळलं, कारण कुणीतरी दुसऱ्या केंद्राचा आकडा शेजारी ठेवून पाहिला. काका मोबाइलवर नेमकं तेच करत होते, आणि मी त्यांना गप्प करत होतो.

ही चूक फक्त माझ्यासारख्याच्या हातून होते असंही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले व्ही. के. रैना यांनी २००९ साली हिमालयातल्या हिमनद्यांवर एक अहवाल लिहिला. हिमनद्या झपाट्याने नाहीशा होत आहेत, या दाव्यावर त्यांनी शंका घेतली होती. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हणाले. आपल्या भाषेत भोंदूगिरीच. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, त्याच समितीला कबूल करावं लागलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील, हे आपल्या २००७ च्या अहवालातलं विधान निराधार होतं. हिमनद्या आटत आहेत हे आजही खरं आहे. चूक त्या सालाची होती. पण ‘भोंदू’ हा शब्द आधी निघून गेला होता, आणि त्यानंतर कित्येकांनी त्या हजारो पानांतलं उरलेलं काही वाचलंच नाही. या विषयाची कळकळ असलेल्या माझ्यासारख्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचली पाहिजे.

काकांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत बर्कलेला रिचर्ड मुलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. तापमानाच्या जुन्या नोंदींवर त्यांचाही विश्वास नव्हता. केंद्रं शहरात येतात, डांबराजवळ येतात, त्याने आकडा फुगतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जगभरच्या नोंदी स्वतः नव्याने तपासल्या आणि २०१२ साली जाहीर केलं की पृथ्वी तापते आहे आणि त्याचं कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. संशय होता म्हणून तर त्यांनी ती मेहनत घेतली.

आणि हे काही काल सुचलेलं शास्त्र नाही. कोळसा, तेल जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता अडवतो, हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलं. हवाई बेटावर मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतला हा वायू मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. छप्पन्नचा दुष्काळ निसर्गाच्या लहरीने आला. पुढचेही तसे येतील, पण आता ते आधीच तापलेल्या जमिनीवर येतील.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी मनातली खरी गोष्ट काढली. ती या सगळ्या वादात मला सर्वात मोलाची वाटते. ते म्हणाले, “कापसाले भाव नाही, तं हवामान बदल. दुबार पेरणी आली, तं हवामान बदल. इम्याचे पैसे नाही आले, तरी हवामान बदल. ज्याले त्याले हेच कारण सापडलं. मंग मी काय मानू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा अविश्वास थर्मामीटरवर नव्हताच. तो हे दोन शब्द वापरून हात झटकणाऱ्या माणसांवर होता. वरून न्यायाचाही प्रश्न आहे. एक भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, अमेरिकेतला त्याच्या सातपट. हे ठाऊक असलेला शेतकरी ‘आम्हीच काहून?’ असं विचारतो, तेव्हा त्याला विज्ञानाचा शत्रू म्हणणं अन्याय आहे.

जाणूनबुजून शंका पेरणारेही आहेत, हे मी लपवत नाही. एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते बहुतेक खरे ठरले. कंपनी मात्र पुढे वर्षानुवर्षं लोकांसमोर ‘अजून नक्की नाही’ म्हणत राहिली. त्यांना जाब विचारायचा तर कठोर शब्दांतच विचारावा. पण तो राग मी धुऱ्यापलीकडच्या माणसावर काढला होता.

त्या रात्री मी त्याच ग्रुपवर, जिथे अपमान केला होता तिथेच, लिहिलं, ‘काका, छप्पन्नच्या आकड्याबद्दल तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.’ काकांनी नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मृग लागल्यावर त्यांनी धुऱ्यावर पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी आकडा वहीत लिहितात आणि ग्रुपवर टाकतात. तालुक्याच्या आकड्याशी तो जुळला नाही, की मला फोन येतो.

परवाही आला होता. म्हणाले, “बरं, मानलं का कोळशानं तापून रायलं. पण माही मोटर चंद्रपूरच्या कोळशावरच चालते. ते बंद केलं तर ओलीत कशावर करू, ते सांग.”

अर्धा तास बोललो आम्ही. सौरपंपावर बोललो, रात्रीच्या लाइनवर बोललो. पटलं नाही त्यांना. रविवारी पुन्हा बसणार आहोत, त्यांच्याच वावरात.

नमस्कार.