दोन कादंबऱ्या आणि एक म्हैस

(साताऱ्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी समीक्षक नाही. निवृत्त कारकून आहे, त्यातली बरीच वर्षं पुनर्वसनाच्या टेबलावर गेली. त्यामुळे कादंबरी वाचतानाही माझी नजर आधी सातबाऱ्याकडे जाते, तेवढं सांभाळून घ्या.

९९वं साहित्य संमेलन आपल्या साताऱ्यात भरलं, अध्यक्ष विश्वास पाटील, म्हणून त्यांची 'झाडाझडती' पुन्हा काढली. १९९२ला साहित्य अकादमी मिळालेली ही कादंबरी मी नोकरीत असतानाच वाचली होती आणि खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. आम्हा सरकारी माणसांना काय झोडपलंय! या खेपेला राग आला नाही. धरणात गेलेल्या जांभळीची माणसं कागदापायी वणवण करतात, तिथं मला माझंच टेबल दिसत होतं. संकलन रजिस्टरात, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीत, 'रामा'चा 'रामू' झाला तरी माणसाचे हेलपाटे सुरू. एक तक्रार मात्र आहेच. दुःख इतक्या मोठ्या मापानं ओतलंय की २०० पानांनंतर मन निबर होतं. एकाचं ऐकून होत नाही तोवर दुसरा दारात उभा.

पाठोपाठ कृष्णात खोतांची 'रिंगाण' घेतली, २०२३ची अकादमीवाली. विषय तोच, विस्थापनाचा. पण इथं देवाप्पा उठतो आणि मागं राहिलेली म्हैस आणायला जुन्या गावाकडं जातो. बस्स. आपल्यातल्या दोघा-तिघांनी पुस्तक अर्ध्यात ठेवलं; म्हणे, पुढं काही घडतच नाही. मी तसं म्हणणार नाही. भरपाईच्या यादीत घर असतं, विहीर असते, आंब्याची झाडं मोजलेली असतात. मागं राहिलेल्या म्हशीला रकाना नसतो. मी तसल्या याद्या केल्यात.

बोली अडते म्हणता? मग मोठ्यानं वाचा. मी आत्याला वाचून दाखवतोय. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. गाव बुडालं, थोडी घरं डोंगराला वर सरकली, बाकीची ठाणं-सोलापूरकडं पांगली. म्हशीचं नाव निघताच तिनं मला थांबवलं.

"दाव्यासकट सोडली हुती का दावं काढून?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो. दावं झुडपात आडाकलं की जनावर जाग्याव मरतंय. आमच्या दादानं निघायच्या दिशी समद्यांची दावी कापली हुती."

माझ्या उभ्या आयुष्यात हे ती कधी बोलली नव्हती. मी पुस्तक मिटलं, चहा टाकला. निम्मं अजून वाचायचंय. वाचनालयाची मुदत कधीच उलटून गेली; दंड किती झाला तेवढं जाताना सांगा.