दम आधी येतो, पाय मागाहून

(दृश्य : गुहागरची पुळण. ओहोटी. ओल्या वाळूवर खेकड्यांची नक्षी. मागे सुरूचं बन.)

गुहागरची पुळण. नजर पोचेल तिथवर वाळू. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि पाणी बरंच आत गेलंय.

समोरून येतायत त्या ताई इथल्याच एका शाळेत शिकवतात. कॉलेजात असताना पंधराशे मीटर धावायच्या. मग नोकरी, लग्न, दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण. धावणं नेमकं कधी सुटलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. आता चाळिशी उलटलीय आणि त्यांना परत धावायचंय.

सुरूच्या बुंध्याला टेकून बसलेला मुलगा एकवीस वर्षांचा. मुंबईत हॉटेलात कामाला होता. आता पोलीस भरतीची जाहिरात निघेल या आशेनं गावी आलाय. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, आणि ते किती वेळात पूर्ण केलं यावर मार्क ठरतात हे त्याला पाठ आहे. आल्या दिवसापासून तो रोज जीव तोडून धावतोय. आता नडगी दुखायला लागलीय. हातानं तो पुन्हा पुन्हा तीच जागा चोळतोय.

दोघांच्या वयात वीस वर्षांचं अंतर आहे, पण दोघांच्या शरीरात सध्या चाललंय ते एकच.

(दृश्य : ताई बुटाची नाडी बांधतायत. चालायला सुरुवात.)

धावणं थांबलं की पहिल्यांदा कमी होतं ते रक्तातलं पाणी. दोन आठवड्यांच्या आतच रक्ताचं एकूण प्रमाण घटतं आणि हृदय प्रत्येक ठोक्याला आधीपेक्षा कमी रक्त पुढं ढकलतं. तेवढंच काम करायला मग ठोके जास्त लागतात. जिना चढताना धाप लागते ती त्यामुळे.

अमेरिकेत १९८४ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात कसलेल्या खेळाडूंनी १२ आठवडे सराव पूर्ण बंद ठेवला. पहिल्या २१ दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. आठ आठवड्यांनी ती १६ टक्के खाली जाऊन तिथंच थांबली. वर्षानुवर्षं कमावलेलं सगळंच्या सगळं काही तीन महिन्यांत धुऊन गेलं नाही. ज्याला वाटतं की आता आपलं काहीच उरलं नाही, त्यानं एवढं लक्षात ठेवावं.

त्याहून विलक्षण गोष्ट डॅलस शहरातली. १९६६ साली तिथं विशीतल्या पाच तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. उठले तेव्हा त्यांची क्षमता खूपच घसरलेली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांना संशोधकांनी पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढं नेलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं नेलं होतं. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा बेताबेतानं वाढवत नेलेला सराव दिला, आणि विशीत अंथरुणावर पडण्याआधी त्यांची जी क्षमता होती तिथवर ते पन्नाशीत परत पोचले. सहा महिने लागले, हेही तितकंच महत्त्वाचं.

(दृश्य : मुलाचा हात नडगीवर. बोटानं दाबून दाखवतो.)

आता या नडगीकडे या.

परत धावायला लागल्यावर रक्त लवकर वाढतं, हृदयही लवकर सावरतं. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवतो. जो चढ चढताना बोलता येत नव्हतं, तो चढ गप्पा मारत चढता येतो. स्नायूंनाही फार वेळ लागत नाही. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरा, म्हणजे डॉक्टर ज्यांना टेंडन म्हणतात त्या, आणि खुद्द हाडं, यांचा वेग वेगळा. त्यांना महिने लागतात.

हाडाचं तर असं आहे की, त्याच्यावर नवा भार आला की शरीर आधी जुना थर खरवडून काढतं आणि मग त्या जागी नवा भरतं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला मात्र महिने जातात. म्हणजे मध्ये एक काळ असा येतो की सराव चालू आहे, दम सुधारलाय, उत्साह आहे, आणि हाड मात्र सुरुवातीपेक्षाही थोडं नाजूक झालेलं असतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, आणि एका किलोमीटरला हजारावर पावलं पडतात.

म्हणून धोक्याचा काळ पहिल्या आठवड्यात नसतो. पहिल्या आठवड्यात धापच इतकी लागते की माणूस आपोआप थांबतो. तिसऱ्या आठवड्यापासून पुढं, जेव्हा वाटायला लागतं की जमलं बुवा, तेव्हा हात आखडता घ्यायचा असतो. नेमकं तेव्हाच सगळे जोर वाढवतात. भरतीची तयारी करणाऱ्या किती मुलांचे पाय या काळात जायबंदी होतात, ते कोकणातल्या कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा.

या मुलाचं दुखणं नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं आहे आणि थोडं धावल्यावर कमी होतं. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. भार कमी केला, काही दिवस नुसतं चालला, तर बरं होईल. पण दुखणं एका बोटाखाली मावेल इतकं नेमक्या जागी असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेमध्ये दिसतोच असं नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला की लगेच मैदान गाठू नका.

(दृश्य : होडीच्या आडोशाला जाळं दुरुस्त करणारे काका. ताई त्यांच्यापाशी थांबतात.)

"काका, पुढच्या रविवारी सकाळची पुळण मिळेल ना?"

"रविवारी अष्टमी ना, बाय? सहाला भरती. त्या दिवशी इथं मऊ वाळूच मिळंल. रविवारी नको."

काकांनी मोबाइल काढला नाही. किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. चतुर्थीला तीन, द्वितीयेला दीड. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडं पुढं-मागं होतं, पण धावायला निघणाऱ्याला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी पडते सकाळी सहाला. उधाणाचे दिवस असल्यानं पाणीही खूप आत जातं आणि रुंद, सपाट, टणक पट्टा उघडा पडतो. परत धावायला लागलेल्या माणसाला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

अष्टमीला मात्र पहाटे पाणी वर, आणि पायाखाली उरते ती कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात धावायला टणक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, असं मोजून पाहिलेलं आहे. टाच आत रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर दर पावलाला जास्त ताणली जाते. सिनेमातले पैलवान धावतात म्हणून पहिल्याच महिन्यात त्या वाळूत उतरू नये.

टणक पट्टाही समुद्राकडे कललेला असतो. जाताना डावा पाय खाली असेल तर उजव्या बाजूच्या कंबरेवर वेगळा ताण, येताना उलट. म्हणून एकाच वाटेनं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. अनवाणी धावायचा मोह इथं प्रत्येकाला होतो. बूट काढल्यावर बराचसा भार टाचेवरून चवड्यावर आणि पोटरीवर जातो. हौस असेल तर शेवटची दोन-चार मिनिटं अनवाणी, आणि तीही वाळू नीट बघून. जाळ्यांतून सुटलेले गळ आणि फुटक्या बाटल्या पुळणीवर असतात.

(दृश्य : ताई धावतायत. मग चालतायत. पुन्हा धावतायत.)

ताईंनी सुरुवातीला फक्त चालून घेतलं. अर्धा-पाऊण तास भरभर चाललं तरी दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, इथवर आल्यावरच धावणं सुरू केलं. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ-दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. दोन आठवडे तेच. मग दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही कसोटी जास्त भरवशाची आहे. दुखण्याचंही असंच माप : दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल, तर चालेल. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना जास्त कळ आली, तर आधीचा दिवस जड गेला.

बाळंतपणानंतर धावायचं असेल तर निदान तीन महिने थांबावं. लघवी निसटत असेल, ओटीपोटात जडपणा वाटत असेल तर त्याहून जास्त, आणि तेही डॉक्टरांशी बोलून. यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडच्या बायका हे कुणाला सांगत नाहीत आणि मग धावणंच कायमचं सोडून देतात.

चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी, सुरुवातीलाच तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, भोवळ येऊन पडलात, तर ते अंगावर काढू नका.

(दृश्य : ऑक्टोबर. घामानं निथळणारा मुलगा. शर्ट अंगाला चिकटलेला.)

कोकणातली हवा हा वेगळाच मामला. घाम येऊन शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर थंड होतं. इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता टपकत राहतो. पुण्याच्या थंडीत सहज होणारं अंतर इथं ऑक्टोबरात जड जातं, त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस वेळ कमी ठेवा, सूर्य वर यायच्या आत उरका. धावून आल्यावर मीठ-साखर घातलेलं कोकमाचं सरबत, नाहीतर मीठ टाकून उकड्या तांदळाची पेज. दोन्हींत पाणी आणि मीठ, दोन्हीही घरातच.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, लटपटायला लागला, तर त्याला सावलीत घ्या आणि मिळेल त्या पाण्यानं भिजवा, नुसतं शिंपडू नका. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला. कुणाला तरी गाडी बोलवायला पाठवा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. पोलीस भरतीच्या मैदानावर उन्हात मुलं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या पहिल्या काही मिनिटांत शरीर थंड करणं हेच जीव वाचवतं.

(दृश्य : पाऊस. जांभ्याची पाखाडी. शेवाळ.)

पावसाळ्यात पुळण सोडा, उधाणाच्या दिवशी तर तिकडे फिरकूही नका. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, जांभ्यावर शेवाळ धरतं, उतरताना चालायचंच. पायाला जखम असेल तर शेताच्या, गटाराच्या साचल्या पाण्यातून जायचं नाही. अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, म्हणजे लेप्टो, काय असतो ते सिंधुदुर्गात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, अंधारात धावणार असाल तर टॉर्च हवाच. फुरसं हा विषारी साप, बहुतेकदा हातभर लांबसुद्धा नसतं आणि कातळाच्या रंगात मिसळून जातं.

(दृश्य : पाखाडीची एक पायरी. ताई चवड्यांवर उभ्या. टाचा हवेत.)

पाखाडीच्या कोरड्या पायरीचा आणखी एक उपयोग आहे. चवडे पायरीच्या कडेवर, दोन्ही पायांनी वर उचलायचं, मग एका पायावर भार घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेमागच्या शिरेच्या जुनाट दुखण्यावर हा व्यायाम दिला : १५-१५ चे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. तो दुखणेकऱ्यांसाठी होता. दुखत नसेल त्यानं एक दिवसाआड तीन फेरे केले तरी टाच आणि पोटरी धावण्याला तयार होत जाते. बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, हेही जोडीला. मासे, कुळथाची पिठी, डाळ पानात असू द्या. शीर आणि स्नायू त्यातूनच बांधले जातात.

(दृश्य : मुलगा आणि ताई, कॅलेंडरसमोर. तिथ्यांवर पेनानं खुणा.)

मुलाचं वेळापत्रक ताईंनी बसून लिहून दिलंय. पहिले दोन आठवडे नुसतं चालणं आणि पायरी. मग धावणं-चालणं. १६०० मीटर पूर्ण वेगानं धावायचा प्रयत्न तिसऱ्या महिन्याच्या आधी नाही. कुठल्याही एका दिवशी गेल्या महिन्यातल्या सगळ्यात लांब पल्ल्यापेक्षा फार पुढं जायचं नाही. आजारपणानं किंवा कामानं आठवडाभर खंड पडला, तर जिथं सोडलं होतं त्याच्या एक पायरी मागून सुरुवात. तापातून उठल्यावर तर अंगात पुरती ताकद येईपर्यंत धावणं नाहीच.

त्यानं विचारलं, "मॅडम, पण जाहिरात त्याआधीच निघाली तर?"

"तर तेवढ्या वेळात जेवढं बसतं तेवढंच करायचं. तुझी नडगी जाहिरात बघून भरून येणार नाही."