कोळंबीच्या प्रोटीनमधली नेमकी कुठली जागा ॲलर्जी देते? कॉम्प्युटरवर शोधूया

नमस्कार मंडळी! कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, असं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच, आणि त्याला घरचे हमखास सांगतात की अरे नीट शिजली नसेल. तसं नाहीये हो. यातलं मुख्य कारण ट्रोपोमायोसिन, म्हणजे स्नायूतलं एक प्रोटीन, दोन पदरी सुतळीसारखं पीळ घातलेलं, आणि ते उकळूनही टिकतं, रश्श्यातही उतरतं, त्यामुळे नुसती कोळंबी बाजूला काढून रस्सा ओरपणं धोक्याचं आहे. सोड्यांचंही तेच.

आता हे प्रोटीन म्हणजे 284 अमिनो ॲसिडची साखळी, प्रत्येकाला एकेक अक्षर दिलंय, म्हणजे कॉम्प्युटरसाठी ती 284 अक्षरांची ओळ झाली. आणि ॲलर्जीवाल्याच्या रक्तातल्या आयजीई अँटीबॉडी, म्हणजे ॲलर्जी घडवणारी शरीराची पहारेकरी प्रोटीनं, अख्ख्या ओळीला नाही, तिच्यातल्या ठराविक तुकड्यांनाच चिकटतात. या तुकड्यांना म्हणतात एपिटोप.

जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांमधलं नवीन प्रोटीन तपासताना जगभर एक नियम वापरतात, 80 अक्षरांची खिडकी सरकवत न्यायची, माहितीतल्या ॲलर्जनशी, म्हणजे ॲलर्जी देणाऱ्या प्रोटीनशी, 35 टक्क्यांच्या वर जुळलं की संशय. सलग 6 किंवा 8 अक्षरं जुळतात का तेही बघतात. पहिली चाळणी म्हणून ठीक, पण मला हा नियम फार ढोबळ वाटतो, का ते बघा.

कोळंबीची ओळ सुरू होते एम, डी, ए, आय, के, के, के, एम, क्यू. आणि माणसाच्या ट्रोपोमायोसिनची? हीच नऊच्या नऊ अक्षरं! पुढेही निम्म्याहून जास्त ओळ जुळते, म्हणजे नियमाने आपल्याच अंगातलं प्रोटीन संशयित ठरलं. कोंबडीचंही तसंच, तरी कोळंबीची ॲलर्जी असलेले लोक सहसा चिकन आरामात खातात.

मग फरक कुठे? रुग्णांच्या सीरमवर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी असलेल्या द्रवावर, एकेक तुकडा तपासून 2002 मध्ये कोळंबीच्या ओळीत आयजीई जिथे चिकटतात असे पाच पट्टे सापडले. त्यातला एक साधारण 43 ते 57. या 15 अक्षरांपैकी माणसाशी फक्त 5 जुळतात, धुळीतल्या माइट नावाच्या बारीक किड्याशी मात्र 9, आणि पुढचे काही पट्टे तर जवळपास जसेच्या तसे. म्हणूनच माइटची ॲलर्जी असलेल्या काहींच्या अँटीबॉडी कोळंबीलाही धरतात.

ही जागा आधीच ओळखायला टूल्स आहेत, बेपीप्रेड नुसत्या अक्षरांवरून सांगतं, डिस्कोटोप थ्रीडी आकार बघतं, आपल्याकडे चंदीगडच्या इमटेक या संशोधन संस्थेने 2006 मध्ये आल्गप्रेड काढलं. ओळ पेस्ट करा, उत्तर येतं, फुकट आहे. पण बेपीप्रेडसारखी टूल्स शिकलीत ती सगळ्या प्रकारच्या अँटीबॉडींवर, खास आयजीईवर नाही, तेव्हा त्यांचं उत्तर म्हणजे लॅबमध्ये आधी कुठले तुकडे तपासायचे याची यादी, बस. त्यात मुलांच्या अँटीबॉडी मोठ्यांपेक्षा जास्त तुकडे ओळखतात, म्हणजे सगळ्यांना एकच यादी लागू नाही.

आणि मला सगळ्यात आशा वाटते ती याची, की जागा कळली की ती बदलता येते. कोळंबीच्या प्रोटीनमधली 12 अक्षरं बदलून केलेल्या रूपाची ॲलर्जी देण्याची ताकद लॅबमध्ये खूप उतरलेली दिसली, आणि इम्युनोथेरपीसाठी, म्हणजे ॲलर्जी देणारा पदार्थच थोडाथोडा देऊन शरीराला सवय लावण्यासाठी, असंच काहीतरी हवंय.