शेजारच्या ओळी : शिकागो ते विक्सबर्ग, एका वंशावळीचा माग
(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : शिकागो, साउथ साइड. विटांची घरं, समोरचे दगडी जिने.]

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला निघून गेली. मिसिसिपीतली पुष्कळशी इलिनॉय सेंट्रल रेल्वेत बसली आणि थेट शिकागोला उतरली. त्यांच्या नातवंडांना घरात एवढंच ऐकायला मिळतं : आजी मिसिसिपीची. कोणत्या काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची), कुणाची लेक, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. एवढ्या एका वाक्यावरून दीडशे वर्षं मागे कसं जायचं, ते पाहू. उदाहरणाला मिसिसिपीतलं विक्सबर्ग गाव धरू, म्हणजे वॉरन काउंटी.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर १९५०च्या जनगणनेचं पान.]

सुरुवात जवळच्या टोकाकडून करायची. अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद ७२ वर्षं बंद असतात. १९५०चे कागद १ एप्रिल २०२२ रोजी उघडले. १९६०चे २०३२ साली उघडतील. १९५०ची सगळी पानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नावाची सूची यंत्राने हस्ताक्षर वाचून केलेली आहे, त्यामुळे ती चुकते. नाव सापडलं नाही तर घराच्या पत्त्यावरून गणना-विभागाचा क्रमांक काढायचा आणि त्या विभागाची पानं एकामागून एक वाचायची. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा सवय लागली की पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

मग १९४०. या पानावर दोन गोष्टी बघा. एक, कुणातरी नावाशेजारी वर्तुळातली फुली आहे. माहिती त्या माणसाने दिली. फुली सासूच्या नावापुढे असेल तर सुनेच्या वयावर फार भरवसा ठेवू नये. दुसरी, १ एप्रिल १९३५ रोजी कुठे राहत होतात, हा रकाना. मधल्या ५ वर्षांत दक्षिणेतून आलेलं कुटुंब असेल तर काउंटीचं नाव इथेच मिळतं. आधी आलेल्यांसाठी दुसरे कागद लागतात.

[दृश्य : लष्करभरतीचं कार्ड, अगदी जवळून. डावा खालचा कोपरा नाही.]

हे ५ जून १९१७ च्या नोंदणीचं कार्ड. पहिल्या महायुद्धासाठी त्या दिवशी २१ ते ३० वयाच्या पुरुषांनी नाव नोंदवलं. कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बारीक छापलेली सूचना होती : माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. फौजेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या. गठ्ठा हातात घेतला की कार्डं नुसती बोटाने वेगळी करता यावीत, एवढीच सोय. कोपरा फाटलेल्या त्याच कार्डावर जन्मगाव लिहिलेलं आहे. सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर जन्मगाव विचारलेलंच नाही, तिथे जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता मिळतो. १९४२ साली ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली. त्या कार्डावर पुन्हा जन्मस्थळ आहे, आणि 'तुमचा पत्ता ज्याला कायम माहीत असेल' अशा व्यक्तीचं नाव आहे. हे नाव लिहून ठेवावं. ती व्यक्ती बऱ्याचदा बहीण निघते, आणि बहिणीचं लग्नानंतरचं आडनाव एरवी कुठेच मिळत नाही.

बायकांसाठी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी वृद्धापवेतन योजनेचा, अर्ज. त्यावर वडिलांचं पूर्ण नाव आणि आईचं माहेरचं नाव असतं. मात्र १९३५च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना वगळलं होतं, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य बाहेरच राहिले. १९५०नंतर कायदा बदलला. तेव्हा अर्ज १९३७-३८ च्या गठ्ठ्यात नाही म्हणून हात टेकू नयेत, पन्नाशीच्या दशकातही शोधावं. मिसिसिपीत मृत्यूची राज्यव्यापी नोंद नोव्हेंबर १९१२ पासून आहे. दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, पण ती सांगितली कुणी हे खाली वाचायला विसरू नका. जावयाने सांगितलेलं सासूच्या आईचं नाव ऐकीव असतं.

[दृश्य : सूचीची कार्डं, इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे.]

जुनी पानं हाताने शोधायची तेव्हा ही कार्डं वापरत. १९३०च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या कारकुनांनी ती लिहिली. पद्धतीचं नाव साउंडेक्स : आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ आकडे द्यायचे. स्मिथ दोन तऱ्हांनी लिहिला तरी एस ५३० च येतो. पण जॉन्सन जे ५२५ आणि जॉन्स्टन जे ५२३. गणकाने एक 'ट' जास्त ऐकला की कुटुंब दुसऱ्या खणात. संगणकावरच्या शोधालाही हीच खोड आहे, म्हणून आडनावाचे चार-पाच उच्चार टाकून बघावेत. नावांचंही तसंच. मेरीला घरात पॉली म्हणतात, मार्थाला पॅट्सी, सारा असते सॅली.

[दृश्य : १९०० सालचं पान. कॅमेरा दोन रकान्यांवर थांबतो.]

१९०० सालच्या गणकाने प्रत्येक लग्न झालेल्या बाईला विचारलं : किती मुलं झाली, किती जिवंत आहेत. नऊ. पाच.

जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारलं गेलं ते १९००लाच. त्याच्या मागचं पान १८८०चं, कारण १८९०ची जनगणना हाती लागत नाही. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. कागद जळले, त्याहून कितीतरी आग विझवण्याच्या पाण्याने भिजले, आणि भिजलेले तसेच पडून राहिले. २० फेब्रुवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराची कोनशिला बसवली. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उरलेले कागद नष्ट करायला मंजुरी दिली. ६ कोटींहून जास्त लोकांच्या नोंदींतली ६ हजारांच्या थोडी वर नावं आज शिल्लक आहेत.

परिणाम असा, की १८८१ साली जन्मलेली आणि १८९९ साली लग्न झालेली मुलगी आईवडिलांच्या घरात एकाही जनगणनेत दिसत नाही. ही २० वर्षं दुसऱ्या कागदांनी भरायची. मिसिसिपीत शाळायोग्य मुलांच्या याद्या केल्या जात, ५ ते २१ वयापर्यंतच्या. मुलाचं नाव आणि पालकाचं नाव शेजारीशेजारी. लग्नाची पुस्तकं सर्किट क्लार्ककडे असतात, जमिनीचे आणि वारशाचे कागद चान्सरी क्लार्ककडे. एकाच काउंटीत ही दोन वेगळी दफ्तरं आहेत हे ठाऊक नसेल तर अर्धा दिवस फुकट जातो. लग्नाची पुस्तकं गोऱ्यांची आणि काळ्यांची वेगळी ठेवलेली असत. पुस्तक मागताना तसं सांगावं लागतं. आणि नवराबायकोच्या नावाखाली जामीन राहिलेल्याचं नावही टिपून घ्यावं. तो बहुधा भाऊ, मामा नाहीतर शेजारी.

[दृश्य : १८७०चं पान. बोट ओळीवरून खाली सरकतं.]

१८७०. या शोधातला सगळ्यात मोठा अडथळा. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांची नावं सरकारी जनगणनेत पहिल्यांदा येतात ती इथे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याआधी तीनच वर्षं ही माणसं त्या देशाच्या दफ्तरात नावानिशी उतरली होती.

या पानात खाचखळगे आहेत. घरातल्या कुणाचं कुणाशी नातं काय, हा रकाना १८८० साली आला, १८७०ला नाही. एका घरात पुरुष, बाई आणि पाच मुलं दिसली म्हणून ती नवराबायको धरायची नाहीत. भाऊबहीण असतील, किंवा मुलं मेलेल्या बहिणीची. वयं पाच आणि दहाच्या पटीत सांगितलेली असतात, दहा वर्षांनी तोच माणूस पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला दिसतो.

बहुतेकांचा शोध इथे अडतो, कारण ते आडनावाच्या मागे लागलेले असतात. मालकाचं आडनाव तेच गुलामाचं, हा समज खोटा आहे. कुणी शेवटच्या मालकाचं घेतलं, कुणी पहिल्या मालकाचं, कुणी बापाच्या मालकाचं, आणि अनेकांनी कुणाचंच नाही. आडनाव बाजूला ठेवा आणि शेजार वाचा. मुक्त झालेली माणसं लगेच दूर गेली नाहीत. पुष्कळ जण त्याच मळ्यावर किंवा शेजारच्या मळ्यावर अर्धेलीने शेती करू लागले. म्हणून आपल्या कुटुंबाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच पानं उतरून घ्यायची. त्यात जो गोरा जमीनदार दिसेल, त्याच्या नावापुढे स्थावर आणि जंगम मालमत्तेची किंमत आहे. तोच माणूस १८६०च्या पानात शोधा. जंगम मालमत्ता दहा वर्षांत हजारो डॉलरवरून शेकड्यांवर आली असेल, तर ती 'जंगम' काय होती हे उघड आहे.

[दृश्य : १८६०चा गुलामांचा तक्ता. पूर्ण पान, मग एक ओळ.]

१८५० आणि १८६० साली गुलामांचे वेगळे तक्ते केले. मालकाचं नाव. खाली आकडे. वय, लिंग, रंग : 'बी' म्हणजे काळा, 'एम' म्हणजे मिश्र. पळून गेलेले किती, मुक्त केलेले किती. १८६०च्या तक्त्यात शेवटी त्यांच्या राहत्या झोपड्या किती. वर्षाच्या आतलं मूल अपूर्णांकात : ३/१२ म्हणजे तीन महिन्यांचं. १८६०च्या या तक्त्यांत ३९ लाख ५३ हजार ७६० माणसं आहेत, आणि अगदी थोडे अपवाद सोडले तर नाव एकाचंही नाही.

या तक्त्यावरून कुणीही आपला पूर्वज सिद्ध करू शकत नाही, कितीही मोह झाला तरी. त्याचा उपयोग गाळणीपुरता. १८७०च्या घरातल्या प्रत्येकाच्या वयातून १० वजा करा. समजा उरले : ३० ची बाई, १२ चा मुलगा, ९ ची मुलगी. असा संच ज्या मालकाखाली बसत नाही, तो मालक बाद. उरलेल्या दोन-तीन मालकांची प्रोबेटची, म्हणजे मेल्यावर मालमत्तेच्या वाटणीसाठी कोर्टात झालेली, कागदपत्रं काढायची.

[दृश्य : काउंटी कोर्टातल्या जाड वह्या, पानं उलटताना.]

मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. खेचरं, नांगर, कापसाचे गठ्ठे, खाटा. आणि त्याच यादीत माणसं, नावासकट, वयासकट, प्रत्येकापुढे डॉलरमध्ये किंमत. आईच्या नावाला जोडून तान्ह्या मुलाचं नाव असतं, आणि नातं कळायचा हा एक पक्का धागा. मृत्युपत्र, वाटणीपत्र, पालकाचे वार्षिक हिशेब हे सगळे पुन्हा वेगळ्या वह्यांत. लग्नात लेकीला दिलेली गुलाम मुलगी खरेदीखतांच्या वहीत सापडते; देणारा आणि घेणारा अशा दोन सूच्या असतात, दोन्ही बघाव्यात. मालकिणीच्या माहेरचे कागद सोडू नयेत.

२०२४ पासून फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर अशा वह्यांतला मजकूर यंत्राने वाचून शोधता येतो. फक्त गुलामाचं पहिलं नाव टाकलं तर हजारो पानं येतात. त्याच्याबरोबर मालकाचं आडनाव आणि काउंटी टाकायची.

[दृश्य : बँकेची सहीवही, भरलेला एक रकाना.]

१८६५ साली गुलामी संपली, तिथपासून १८७०पर्यंतच्या मधल्या पाच वर्षांसाठी दोन मोठे साठे आहेत. पहिला फ्रीडमेन्स ब्युरोचा, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा, स्थापना मार्च १८६५. त्यात मळेवाल्याशी केलेले मजुरीचे करार मिळतात : मळ्याचं नाव आणि खाली मजुरांची रांग. सहीच्या जागी आपल्याकडे अंगठा, तिथे फुली. कागद राज्य आणि स्थानिक कचेरीनुसार लावलेले आहेत, म्हणून आधी विक्सबर्ग कचेरी कोणत्या गठ्ठ्यांत आहे ते पाहायचं.

दुसरा फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेचा, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठीच्या बचत बँकेचा. विक्सबर्गला तिची शाखा होती. सही करता न येणारा खातेदार ओळखायचा कसा, म्हणून बँक विचारून घ्यायची : जन्म कुठे, वाढलात कुठे, काम कुणाकडे, बायको, मुलं, आई, बाप, भाऊ, बहिणी. सुरुवातीच्या अर्जांवर जुना मालक, मालकीण आणि मळा यांनाही जागा होती. युटाच्या तुरुंगातल्या कैद्यांनी स्वेच्छेने या वह्यांची सूची केली; २००१ साली ती खुली झाली, सुमारे ४ लाख ८० हजार नावं. बँक १८७४ साली बुडाली आणि ६१ हजारांवर खातेदारांचे पैसे अडकले.

[दृश्य : निवृत्तिवेतनाची फाइल, घडी उलगडताना.]

यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. सैनिक मेल्यावर विधवेला पेन्शन हवी, तर लग्न सिद्ध करा. गुलामीतल्या लग्नाला कागद कुठला? मग साक्षी काढल्या जायच्या : सुईण, पलटणीतला सोबती, त्याच मळ्यावर वाढलेली म्हातारी. कुणाचा मळा, कुणाची लेक, कोण कधी विकलं गेलं, हे त्या साक्षीत ओळीने उतरलं आहे. पुन्हा शेजारीच. फाइल मागवताना निवडक पानांवर समाधान मानू नका, पूर्ण मागवा. सूचीच्या कार्डावर दुसरं नाव दिलेलं असेल तर तेही बघा. मालकाच्या आडनावाने भरती झालेल्या बऱ्याच जणांनी पुढे बापाचं आडनाव घेतलं.

[दृश्य : जहाजावरची यादी.]

१८८०च्या पानावर आईवडिलांचं जन्मराज्य आहे, आणि मिसिसिपीतल्या कित्येक कुटुंबांपुढे ते व्हर्जिनिया लिहिलेलं सापडतं. १८०८पासून अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गुलाम नेताना जहाजाला यादी द्यावी लागे : पहिलं नाव, वय, लिंग, रंग, फूट आणि इंचांत उंची, पाठवणारा आणि घेणारा. न्यू ऑर्लिन्सला उतरलेल्यांच्या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रोबेटमधून मालकाचं नाव हाती असेल तरच त्या वाचाव्यात, नाहीतर प्रत्येक जहाजावर एक मेरी आणि एक जॉन सापडतो. साखळीत बांधून जमिनीवरून चालवत नेलेल्यांची अशी यादी झाली नाही. त्यांच्यासाठी आलेखात 'व्हर्जिनिया, १८८०च्या नोंदीनुसार' एवढं लिहायचं, रेघ तुटक ठेवायची आणि विकणाऱ्याचं खरेदीखत व्हर्जिनियाच्या काउंटीत शोधायला लागायचं.