शेवटचे दहा मिलिग्रॅम

ही पाकिटांची लांबच लांब पट्टी उलगडताना दिसतेय ना, ती औषधाचीच आहे, डिप्रेशनवरची गोळी हळूहळू सोडण्यासाठी. नेदरलँड्समध्ये ब्रेडा शहराजवळ बाव्हेल म्हणून गाव आहे, तिथल्या फार्मसीत ही तयार होते. 28 छोटी पाकिटं, रोज एक फाडायचं, प्रत्येकावर डोस छापलेला, आणि आता छापलेले आकडे वाचत चला, पट्टी पुढे सरकतेय तसा डोस उतरत जातोय. याला टेपरिंग स्ट्रिप म्हणतात. 2013 पासून तिकडे मिळते, यासाठी झटणारे दोघं म्हणजे संशोधक पीटर ग्रूट आणि मानसोपचारतज्ज्ञ जिम व्हान ओस.

आता एवढा खटाटोप कशाला, गोळी अर्धी करायची, मग दिवसाआड घ्यायची, मग बंद, आपल्याकडेही असंच चालतं की. पण पॅरॉक्सेटिनसारखं डिप्रेशनवरचं औषध साधारण एका दिवसात रक्तात निम्म्यावर येतं, म्हणजे दिवसाआड घेतलं तर डोस कमी होत नाही, नुसता वर-खाली होत राहतो.

आणि हा ग्राफ बघा, यातच सगळं आहे. 2019 मध्ये संशोधक मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी हे मांडलं. सिटालोप्राम हे असंच दुसरं औषध, ते 20 मिलिग्रॅम घेतलं की मेंदूतले सुमारे 80 टक्के सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत ओढून घेणारे रेणू, अडवले जातात. डोस निम्म्याहून कमी, 9 वर आणला, तरी 70 टक्के! 50 टक्क्यांवर यायला थेट 3.4 मिलिग्रॅमपर्यंत उतरावं लागतं. म्हणजे 20 वरून 10 हा सोपा उतार, आणि 10 वरून शून्य हा सरळ कडा, आणि लोकांना आपण नेमकं तिथूनच उडी मारायला सांगतो, कारण दुकानात त्याच्या खालची गोळी सहसा नसतेच. मग चक्कर, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, आणि घरचे म्हणतात बघ आजार परत आला. तो आजारच असेल असं नाही, गोळी झपाट्याने सुटल्याचा त्रासही असू शकतो, हे आधी तपासायलाच हवं.

म्हणून हे हात बघा, सिरिंजमध्ये पातळ औषध मोजून भरतायत, एक मिलिग्रॅमच्याही खाली जाता यावं म्हणून. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करत जा, लागलं तर पातळ औषध वापरा, त्रास वाढला तर आधीच्या डोसवर परत जा.

ग्रूट आणि व्हान ओस यांच्या 2018 च्या पाहणीत स्ट्रिप वापरून अँटिडिप्रेसंट, म्हणजे हीच डिप्रेशनवरची औषधं, सोडू पाहणाऱ्या 895 जणांपैकी 71 टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली. तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि हो, ब्रिटनमधल्याच 2021 च्या एका ट्रायलमध्ये गोळी बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना वर्षभरात डिप्रेशन परत आलं, चालू ठेवलेल्यांत 39 टक्के, त्यामुळे डॉक्टरला न विचारता काही बंद करू नका. पण डॉक्टरकडे जाल तेव्हा एवढं नक्की विचारा, 10 च्या खाली मला कसं उतरवणार?