खाडीचं मीठ घाटात ठरतं

नमस्कार. मांडवीच्या खाडीवर बोलायचं तर पणजीत बोला, असं मला बरेचजण सुचवतात. मला मात्र हा विषय डिचोली-सत्तरीतल्या माणसांपुढे मांडायचा होता. भरती समुद्रापासून जवळजवळ पन्नास किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत येते. खाडी तुमच्या अंगणातच संपते.

आधी भरतीचं सांगतो. उधाणाच्या दिवसांत मुखाशी पाणी साधारण सव्वादोन मीटर चढतं-उतरतं. आत जाताना तळाशी घासून हा चढउतार कमी व्हायला हवा. पण मांडवी नरसाळ्यासारखी अरुंद होत जाते, तेच पाणी थोड्या जागेत कोंबलं जातं आणि बरंच अंतर भरतीची उंची जवळपास तेवढीच राहते. पुढे नदीचा तळ चढू लागला की मग ती झपाट्याने विरते.

मिठाचं गणित वेगळं आहे. जुलैत घाटातून एवढं पाणी येतं की मुखाजवळही वरचा थर गोडा असतो, खारं पाणी तळाशी दबून राहतं. पाऊस सरला की मीठ आत सरकू लागतं. भरती-ओहोटी ते पाणी ढवळत राहते आणि दर महिन्याला खारटपणा थोडा वर चढतो. मे महिन्यात मुखाशी हजार भाग पाण्यात सुमारे 35 भाग क्षार असतात, म्हणजे तो समुद्रच झाला. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवी-जुवारीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की आपल्या मोसमी खाड्यांत क्षारता वर्षभरात कधीच एका जागी ठरत नाही. युरोपातल्या खाड्यांवर बेतलेली सूत्रं इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. डिसेंबर ते मे या काळात मीठ कुठपर्यंत चढेल हे कोण ठरवतं? म्हादई (मांडवीचंच वरच्या भागातलं नाव), खांडेपार, वाळवंटी या नद्यांतून येणारं ते किरकोळ वाटणारं गोडं पाणी. पावसाळ्यातल्या लोंढ्याच्या तुलनेत ते काहीच नाही; पण मिठाला अडवणारं दुसरं कुणीच नसतं. म्हणून ‘पाणी समुद्रात वाया जातं’ हे वाक्य कुणी बोललं की मला राहवत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये म्हादईच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या म्हादई लवादाने कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं. महाराष्ट्रात, दोडामार्गातल्या विर्डीचं पाणी वाळवंटीतून याच खाडीत येतं, तेव्हा बोट फक्त कर्नाटकातल्या खानापूरकडे दाखवून भागणार नाही. माझं स्पष्ट मत असं, की वर्षाच्या बेरजेवर भांडण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये नदीत किती पाणी उरतं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. पावसाळ्यातलं पाणी अडवणं आणि उन्हाळ्यातला झरा वळवणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

हे मीठ ओळखणारी जुनी व्यवस्था म्हणजे खाजण, खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन. मांडवीतल्या दिवाडी, चोडण बेटांवर जाऊन मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, जरूर बघा. बांधाच्या पोटात लाकडी झडपा असतात. भरती आली की बाहेरचं पाणी दाबतं आणि झडपा मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर जास्त, म्हणून त्या आपोआप बाहेर उघडतात. माणसाला हात लावावा लागत नाही. आत पोय, म्हणजे खोलगट पाणवठा, आणि त्याच्या वरच्या अंगाला शेत. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुतलं गेलं की कोरगुट, म्हणजे खारं सोसणारा भात लावायचा. भात निघाल्यावर तिथेच मासळी. खेकडा बांध पोखरतो, म्हणून बांधावर रोज नजर हवी. पूर्वी हे काम गावकरी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद ही संस्था बघत असे. 1964 च्या कूळकायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे गेलं आणि बऱ्याच ठिकाणी बांधाला वालीच उरला नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, त्यात पैसा आहे. तेव्हा झडप उघडी ठेवून खारं पाणी आत घेण्याचा मोह होतोच. शेत खारावतं, बांध फुटतो, दोनचार वर्षांत तिथे खारफुटी उगवते.

इथे आमच्यासारख्या संशोधकांचीही पंचाईत होते. खारफुटी तोडायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. कोळंबीची पिल्लं तिच्या मुळांत वाढतात, बांधाबाहेरची तिवरं लाटांचा मारा झेलतात. पण फुटलेल्या बांधामागे शेतात उगवलेली खारफुटी म्हणजे संवर्धनाचं यश, असं मी मानत नाही. ते शेत परत हवं असलेल्या शेतकऱ्याला आपण गुन्हेगार ठरवू नये. बांध फुटल्या फुटल्या दुरुस्त झाला तर हा पेच उभाच राहत नाही. खरी निकड तिथल्या पैशाची आणि जबाबदारीची आहे.

खाणींबद्दल थोडंच. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन थांबवलं आणि नदीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जेस काही काळ थांबल्या. पण डंपवरची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरची, लाल माती दर पावसाळ्यात ओहोळांतून येतेच. ती तळाशी बसते तिथे तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, जागा जाते. तिसरी रेतीत जगते, बारीक चिखलात गुदमरते.

तुमच्याकडून मला एक मदत हवी आहे. इथल्या नद्या-ओहोळांवर बंधारे आहेत. पाऊस संपल्यावर फळ्या कोणत्या तारखेला घातल्या, किती घातल्या, कधी काढल्या, आणि एप्रिल-मेमध्ये फळ्यांवरून पाणी वाहत होतं की नाही, एवढं शाळेच्या किंवा पंचायतीच्या वहीत लिहून ठेवा. आम्ही खाली होडीतून क्षारता मोजतो. वर पाणी कधी अडलं हे कळलं नाही, तर त्या आकड्यांचा अर्थ लावताना आम्ही अडतो. सोबत रोजचा पाऊस लिहिलात तर आणखी उत्तम. पर्जन्यमापक नसेल त्या शाळेने भाषणानंतर मला भेटावं, त्याची सोय करू.